उलटलेलें दुखणें



आपल्या घरांतून आजाराविषयीं बोलतांना 'उलटलें' हा शब्द फार जपून उच्चारला जातो. विषमज्वर उलटला तर घर पुन्हां उशाशीं बसतें, पण कोणी आशा सोडीत नाहीं. कर्करोग उलटला असें ऐकूं आलें कीं मात्र माणसें आवाज खालीं आणतात, आणि ज्या बाईस तो झालेला असतो तिला खोलीबाहेर ठेवून पुढचें बोलणें सुरू होतें. आज मी ह्या दुसऱ्या खेपेविषयीं बोलणार आहें. स्तनाचा कर्करोग, ज्यावर एकदां शस्त्रक्रिया झाली, किमोथेरपी झाली, केंस गेले आणि परत आले, आणि मग दोन वर्षांनीं किंवा दहा वर्षांनींही तो हाडांत, फुप्फुसांत वा यकृतांत पुन्हां दिसला. अशा वेळीं पुढें काय? गांठ लौकर कशी ओळखावी ह्याविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांची ती वेळ निघून गेली त्यांच्याशीं फारसें कोणी बोलत नाहीं.

आरंभींच एक अप्रिय गोष्ट सांगून टाकतें. स्तनाबाहेर दूरच्या अवयवांत पसरलेला हा रोग आजच्या औषधांनीं बहुधा निखालस बरा होत नाहीं. तो आटोक्यांत ठेवतां येतो. कोणाच्या बाबतींत कांहीं महिने, कोणाच्या बाबतींत कित्येक वर्षें. ह्याची तुलना कोणी कोणी मधुमेहाशीं करतात. मला ती पटत नाहीं, कारण मधुमेहाचें औषध दर सहा महिन्यांनीं निकामी होत नाहीं. येथें औषध लागू पडतें, कांहीं काळ उपयोगी ठरतें, मग रोग त्यास सरावतो आणि दुसरें शोधावें लागतें. प्रत्येक खेपेस विचारावयाचे प्रश्न दोन: ह्या औषधानें किती काळ मिळेल, आणि तो काळ कसा जाईल. पहिल्याचें उत्तर डॉक्टरास थोडेंफार ठाऊक असतें. दुसऱ्याचें निम्में उत्तर रोग्यापाशींच असतें.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व मला जिनें शिकविलें अशी एक हकीकत सांगतें. ती कांहीं वर्षांपूर्वींची आहे, आणि त्या बाईंची ओळख पटूं नये इतपत फेरफार तींत केला आहे. बाई चौपन्न वर्षांच्या. पहिल्या वेळीं त्यांनीं तें सर्वांना ठाऊक असलेलें लाल औषध घेतलें होतें, त्यामागून पॅक्लिटॅक्सेल, आणि पुढें हार्मोनच्या गोळ्या. तीन वर्षें बरीं गेलीं. मग उजव्या कुशींत जड वाटूं लागलें, अन्न नकोसें झालें. तपासणींत यकृतावर डाग दिसले. निकालाच्या दिवशीं बाईंना बाहेर बांकावर बसवून त्यांचे दीर व मुलगा आंत आले. दीर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, काय असेल तें आम्हांला सांगा. वहिनींच्या कानांवर यांतलें कांहीं जातां कामा नये. चांगल्यांत चांगलें औषध असेल तें सुरू करा. पैशांचें आम्ही पाहूं." ह्यांत माया नव्हती असें कोण म्हणेल? पण 'चांगल्यांत चांगलें' म्हणजे कोणतें, हें मला बाहेर बसलेल्या बाईंना विचारल्यावांचून ठरवितां येईना.

त्यापूर्वीं एक काम करावयाचें होतें. परतलेल्या रोगाचा, शक्य असेल तेथें, नवा तुकडा काढून तपासावा लागतो. "पुन्हां सुई कशाला? रोग तोच ना?" असें घरचीं माणसें विचारतात. रोग तोच असतो, पण पहिल्या गांठीची कुंडली परतलेल्या रोगास जशीच्या तशी लागू पडते असें नाहीं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर मुख्यतः तीन खुणा पाहतात: इस्ट्रोजेनची, प्रोजेस्टेरॉनची आणि हर-टू नांवाच्या प्रथिनाची. पहिल्या दोन असतील तर हार्मोन अडविणाऱ्या औषधांचा मार्ग असतो. हा मार्ग फार जुना आहे. ग्लासगोच्या बीट्सन नांवाच्या सर्जननें बीजकोश काढून टाकले असतां पसरलेला रोग ओसरतो हें १८९६ मध्येंच प्रसिद्ध केलें होतें. ज्यांच्या पेशींवर ह्या खुणा आहेत आणि ज्यांचा एखादा महत्त्वाचा अवयव तांतडीच्या धोक्यांत नाहीं, त्यांना रोग उलटला तरी लगेच किमोथेरपी लागत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तिसरी खूण ठळक असेल तर १९९८ पासून ट्रॅस्टुझुमॅब आणि त्याच्या मागून आलेलीं त्याच जातीचीं औषधें उपयोगी पडतात. आमच्या बाईंच्या पहिल्या गांठींत हार्मोनच्या खुणा होत्या. यकृतांतल्या तुकड्यांत त्या दिसेनाशा झाल्या होत्या, आणि हर-टूही नव्हतें. राहिली ती किमोथेरपी.

आतां किमोथेरपी हें एकच औषध आहे आणि तें एकदां हरलें म्हणजे संपलें, अशी समजूत आहे. ती खरी नाहीं. हीं अनेक औषधें आहेत, एकमेकांहून निराळीं, आणि त्यांतलीं कित्येक झाडाझुडपांतून, मातींतून आणि समुद्रांतून आलेलीं आहेत. तें लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हें इटलींतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्मजीवाच्या कुळांतलें. तें गुणकारी आहे, पण हृदयाचे स्नायू दुबळे करतें. म्हणून त्याची आयुष्यभराची मर्यादा ठरलेली असते आणि ती गांठली कीं पुन्हां देतां येत नाहीं. आपल्या अंगणांतली सदाफुली घ्या. तिच्यांतील द्रव्यांपासून निघालेलीं औषधें साठ वर्षांहून अधिक काळ वापरांत आहेत, आणि त्यांच्याच घराण्यांतलें विनोरेलबिन हें उलटलेल्या स्तनकर्करोगांत आम्ही देतों. (हें ऐकून कोणी सदाफुलीच्या पानांचा रस काढून रोग्यास पाजूं नये, मी असे रोगी पाहिले आहेत. पानांत द्रव्य किती आहे ह्याचा मेळ नसतो, आणि तें विष आहे.)

पॅक्लिटॅक्सेल हें यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतून आलें. त्याची रचना १९७१ मध्यें अमेरिकेंत ज्या दोघांनीं उलगडून दाखविली त्यांतले एक मन्‍रो वॉल आणि दुसरे मनसुखलाल वाणी. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठांत शिकलेले. २०२० मध्यें ते वारले. ह्याच दोघांनीं त्याआधीं, १९६६ मध्यें, एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य शोधलें होतें. त्याचें नांव लक्षांत ठेवा, पुढें तें पुन्हां येणार आहे.

आणि समुद्राची गोष्ट. १९८६ मध्यें हिराता आणि उएमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञांनीं तिकडच्या किनाऱ्यावरील एका काळ्या स्पंजांतून हॅलिकॉन्ड्रिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. ६०० किलो स्पंज पिळून हातीं आलें साडेबारा मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याहून हलकें! त्यानें कर्करोगाच्या पेशी मरत, पण असें औषध रोग्यांना पुरणार कोठून? समुद्र रिकामा झाला असता. हार्वर्डमध्यें योशितो किशी ह्यांनीं १९९२ मध्यें हें द्रव्य प्रयोगशाळेंत संपूर्ण बनवून दाखविलें. तें करतांना असें आढळलें कीं त्या प्रचंड रेणूचा अर्धाच भाग खरें काम करतो. त्या अर्ध्या भागावरून एरिबुलिन हें औषध घडविलें गेलें. तें कारखान्यांत करावयास साठांहून अधिक पायऱ्या लागतात.

तें काम कसें करतें तें थोडक्यांत सांगतें. पेशी दुभंगतांना आंत सूक्ष्म नलिकांची परांची उभी राहते, तिच्या आधारानें द्रव्याची वांटणी होते, आणि काम झालें कीं परांची उतरते. सदाफुलीचीं औषधें ती परांची उभी राहूंच देत नाहींत. पॅक्लिटॅक्सेल उभी राहिलेली उतरूं देत नाहीं. एरिबुलिन तिचें वाढतें टोंक धरून ठेवतें. जागा निराळी असल्यामुळें एकास सरावलेली पेशी दुसऱ्यास कधीं कधीं बळी पडते. सर्व वेळीं नाहीं.

हें औषध किती उपयोगी पडलें? ह्याचें उत्तर २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत आहे. १९ देशांतील ७६२ स्त्रिया तींत होत्या. सर्वांचा रोग पसरलेला, आणि प्रत्येकीस आधीं दोन ते पांच प्रकारची किमोथेरपी होऊन गेलेली. दोन तृतीयांश स्त्रियांना एरिबुलिन दिलें. उरलेल्यांना त्यांच्या डॉक्टरांस योग्य वाटेल तें. ही दुसरी बाजू मला फार प्रामाणिक वाटते, कारण ह्या टप्प्यावर सर्वमान्य असें एक औषध नव्हतेंच, हें तिनें उघड कबूल केलें. निकाल असा लागला: एरिबुलिन घेणाऱ्यांचें मध्यक आयुष्य १३.१ महिने, इतरांचें १०.६.

अडीच महिने! हा आंकडा मी सांगितला म्हणजे कोणी निराश होतो, कोणी म्हणतो अडीच महिने म्हणजे पुष्कळ झाले. दोघांनींही मध्यक म्हणजे काय तें समजून घ्यावें. शंभर स्त्रियांस आयुष्याच्या लांबीप्रमाणें ओळींत उभें केलें तर मधोमध जी येईल तिचा तो आंकडा. अर्ध्या जणी त्याआधीं जातात, अर्ध्या त्यानंतरही राहतात, आणि त्यांतल्या कांहीं बऱ्याच दूरवर जातात. स्टीफन जे गूल्ड ह्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञास १९८२ मध्यें एक निराळा कर्करोग झाला, ज्याचें मध्यक आयुष्य आठ महिने होतें. ते २००२ पर्यंत जगले. सर्वांचें तसें होईल असें मी म्हणत नाहीं. बहुतेकांचें होत नाहीं. पण 'डॉक्टरांनीं तेरा महिने सांगितले' हें वाक्य घरांतून हद्दपार करावें.

शिवाय, नवें तें चांगलेंच, हाही भ्रम आहे. ह्याच एरिबुलिनची तुलना पुढें कॅपेसिटॅबिन ह्या जुन्या व स्वस्त गोळीशीं, कमी औषधें झालेल्या ११०२ स्त्रियांत झाली. फरक पडला तो इतका थोडा कीं तो योगायोगाचा नाहीं असें म्हणतां येईना. इंग्लंडांतील सरकारी संस्थेनें किंमतीच्या मानानें लाभ कमी म्हणून हें औषध २०१२ मध्यें नाकारलें आणि २०१६ मध्यें, दोन किंवा अधिक किमोथेरपी होऊन गेलेल्यांसाठीं, स्वीकारलें. तेथें जो हिशेब सरकार करतें तो आपल्याकडे पुष्कळ घरांना स्वयंपाकघराच्या टेबलावर करावा लागतो, दागिन्यांची पेटी पुढ्यांत घेऊन. तो करावा लागतो ह्याची लाज कोणी बाळगूं नये. डॉक्टरास किंमत विचारावी, आणि जुन्या गोळीनें किती साधेल हेंही विचारावें.

ह्या कथेनंतरच्या वर्षांत दोन मोठीं औषधें आलीं. दोन्हींची युक्ति एक: कर्करोगाच्या पेशीस शोधून चिकटणारें प्रथिन, आणि त्याच्या पाठीवर बांधलेलें विष. एक सॅसिटुझुमॅब गोविटेकन. तिन्ही खुणा नसलेल्या, आधीं औषधें होऊन गेलेल्या स्त्रियांत त्यानें मध्यक आयुष्य ६.७ महिन्यांवरून १२.१ वर नेलें, हें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. दुसरें ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन; ज्यांच्या पेशींवर हर-टूची खूण अगदीं फिकट आहे, आणि म्हणून पूर्वीं 'नाहीं' असें लिहिलें जाई, अशा स्त्रियांत २०२२ मध्यें १६.८ महिन्यांचे २३.४ झाले. ह्या दोघांच्या पाठीवरचें विष कोणतें? नंदुरबारच्या वाणींनीं वॉल ह्यांच्यासह शोधलेल्या त्या कॅम्प्टोथेसिनचे वंशज. जुना अहवाल घरांत असेल तर त्यांतला हर-टूचा आंकडा 'शून्य' आहे कीं 'एक' आहे हें आतां पुन्हां पाहण्याजोगें झालें आहे. दुसऱ्या औषधानें शंभरांतील बाराएक जणींच्या फुप्फुसांस सूज येते. तें घेणाऱ्या बाईस नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरास त्याच दिवशीं कळवावें.

आतां बाईंकडे येतें. मी दिरांना म्हणालें कीं मी खोटें बोलणार नाहीं आणि न विचारलेलें लादणारही नाहीं. त्यांना काय जाणून घ्यावयाचें आहे तें त्यांनाच विचारीन. बाई आंत आल्या. "तुम्हांला सगळें ऐकावयाचें आहे, कीं थोडें, कीं घरच्यांना सांगूं?" असें मी विचारलें. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, भावोजींचा चेहरा पाहून निम्में कळलेंच आहे. उरलेलें तुम्ही सांगा." मी सांगितलें. मग त्यांनीं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि विचारलें, "ह्यांचें काय होईल?"

बाई सतार शिकवीत. आमच्या जाडजूड फायलींत ही गोष्ट कोठेंही लिहिलेली नव्हती. पॅक्लिटॅक्सेलनें त्यांच्या बोटांचीं टोंकें बधिर केलीं होतीं. तीन वर्षांत तीं जेमतेम सुधारलीं होतीं, तारेवर मींड घेतांना बोट कोठें आहे हें पूर्वीं कळत नसे, आतां कळूं लागलें होतें. एरिबुलिन हेंही नसा बधिर करतें, आणि तें बधिरपण पुष्कळदां मागें राहतें. कॅपेसिटॅबिननें तळहात-तळपाय लाल होतात, सालपटें निघतात. पण मात्रा कमी केली किंवा कांहीं दिवस थांबविली कीं कातडी बहुधा पूर्ववत् होते. आंकड्यांच्या दृष्टीनें दोहोंत फारसा भेद नव्हता. भेद त्या बोटांत होता. आम्ही गोळी निवडली. हा निर्णय दीर आणि मी मिळून, बाईंना बाहेर बसवून, कधींच करूं शकलों नसतों.

मुलानें विचारलें कीं दोन औषधें एकदम देऊन रोगावर जोराचा घाव कां घालूं नये? अवयव धोक्यांत असेल आणि लौकर उतार हवा असेल तेव्हां तसें करतात. एरवीं एकामागून एक देणें बरें, कारण दोन एकदम दिल्यानें त्रास खात्रीनें वाढतो, आयुष्य तसें वाढत नाहीं.

शस्त्रक्रियेचा आग्रहही घरोघरीं होतो. मूळ गांठ काढली कीं रोगाचें मूळ गेलें, हें मनास पटतें. ज्यांचा रोग प्रथम आढळला तेव्हांच पसरलेला होता अशा ३५० स्त्रियांवर, किमोथेरपीनें उतार पडल्यावर, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतच ह्याची परीक्षा झाली, डॉ. बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती २०१५ मध्यें प्रसिद्ध केली. जिच्यांत गांठ काढली त्या गटाचें मध्यक आयुष्य १९.२ महिने, न काढलेल्या गटाचें २०.५. म्हणजे आयुष्य वाढलें नाहीं. गांठ फुटून वाहूं लागली, दुर्गंधि येऊं लागली तर काढण्यास कारण आहे. पण आयुष्य वाढेल म्हणून काढूं नये. आपल्याच शहरांतल्या स्त्रियांनीं ही चांचणी पत्करली म्हणून हजारोंच्या अंगावरचा एक घाव वांचला.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून दारामागें चिकटवून ठेवा. किमोथेरपी चालू असतां रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहूं नये. रात्रीं दोन वाजलेले असोत, रुग्णालय गांठावें. ह्या एका रात्रीच्या विलंबानें, रोगानें नव्हे, गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

बाईंना गोळीनें नऊ महिने दिले. मधून मधून मात्रा कमी करावी लागली. मग रोग पुन्हां वाढला, आणि त्यांनीं स्वतःहून एरिबुलिन घेतलें; म्हणाल्या, आतां शिकवणें तोंडानेंही होतें. दर तीन आठवड्यांतून दोनदां, पांच मिनिटांची सुई. तीं चार महिने चाललीं. त्यापुढें आणखी एक औषध शक्य होतें. मी तें सांगितलें, आणि त्याच्यापासून थोडीच आशा आहे हेंही सांगितलें. त्यांनीं नको म्हटलें. दीर त्या दिवशीं माझ्यावर रागावले.

औषध थांबलें म्हणजे उपचार थांबले असें नव्हे. मॉर्फिन हें नांव ऐकून आपलीं माणसें दचकतात, व्यसन लागेल म्हणतात; कर्करोगाच्या वेदनेसाठीं बेतानें दिलेल्या मॉर्फिननें तसें क्वचितच होतें. १९८५ च्या कायद्यानें तें मिळणें फार कठीण झालें होतें, २०१४ च्या दुरुस्तीनें वाट कांहींशी मोकळी झाली. वेदना उठण्याची वाट न पाहतां तें घड्याळावर द्यावें लागतें, चार चार तासांनीं, आणि त्याबरोबर पोट साफ होण्याचें औषधही, नाहींतर त्रासानें रोगी तें सोडून देतो. बाईंच्या घरीं हें काम दिरांनीं अंगावर घेतलें होतें. रात्रींचा दोनचा गजर तेच लावीत. मी शेवटीं गेलें तेव्हां बिछान्याशेजारीं एक शाळकरी वही होती; तींत त्यांनीं वेळ, गोळी, आणि 'वहिनी काय म्हणाल्या' असे तीन रकाने पाडलेले होते.